नऊ ऑक्टोबर

"आज गुरुवार, चार ऑक्टोबर. उद्या शुक्रवार, पंधरा ऑक्टोबर!" पेरूजा शहराच्या चौकात दवंडीवाला तिसऱ्यांदा ओरडला, तरी कुणाच्या डोक्यात प्रकाश पडेना.

"म्हणजे आज मळलेली कणीक उद्या दहा दिवसांची शिळी?" बाल्दो पाववाला म्हणाला. "पोपला म्हणावं, तो पाव तूच खा."

लोक हसले आणि मग सगळे मास्तर एर्कोलानोंकडे वळले. मास्तर विद्यापीठात गणित शिकवायचे, पत्रिका मांडायचे आणि काळ्या आरशात बघून हरवलेली गाढवंही शोधून द्यायचे. त्यांना पाठीमागे चेटक्या म्हणायचं आणि अडलं की त्यांचंच दार ठोठावायचं, अशी गावाची रीत होती.

"मास्तर, दहा दिवस गेले कुठे?"

"कुठे जातात? पंचांग चुकलं होतं, ते रोमच्या पोपनं सुधारलं. सूर्य आपल्या वाटेनंच चाललाय."

एवढं बोलून ते घराकडे निघाले. यंदा नऊ ऑक्टोबर ही तारीखच उगवणार नव्हती, आणि त्या तारखेची धास्ती त्यांनी सव्वीस वर्षं उराशी बाळगली होती.

लग्नाच्या पहिल्या वर्षी त्यांची बायको पांतासिलेआ म्हणाली होती, "साऱ्या गावाच्या पत्रिका मांडता, बायकोचीच तेवढी नाही!" वडिलांचं प्रार्थनेचं पुस्तकही तिनंच आणून दिलं. त्यातल्या कोऱ्या पानावर सासऱ्यांनी लिहून ठेवलं होतं: अमुक शनिवारी, सूर्य मावळल्यावर तिसऱ्या तासाला मुलगी झाली. इतकी नेमकी वेळ सरदारांच्या मुलांचीही मिळत नसे. मास्तर हरखून गेले.

"तिसऱ्या वर्षी जिवावरचा ताप," ते मांडता मांडता म्हणाले. "आला होता?"

पांतासिलेआ एकदम रडायलाच लागली. "आला होता," ती म्हणाली. "तुम्हाला कसं कळलं?"

त्या रडण्यानं मास्तरांची आपल्या विद्येबद्दलची उरलीसुरली शंका धुऊन निघाली. तिथंच थांबायला हवं होतं. पण शहाण्या माणसाला थांबता येत नाही. त्यांनी शेवटपर्यंत मांडलं, आणि शेवट आला नऊ ऑक्टोबर, पंधराशे ब्याऐंशी. त्यांचा चेहरा बघून तिनं कागद हिसकून घेतला. आकडे तिला वाचता येत होते.

"सव्वीस वर्षं आहेत की अजून," ती म्हणाली होती. "तोवर संध्याकाळचे घरी येत जा."

ते येत गेले. फेरारा दरबारचं बोलावणं त्यांनी नाकारलं, दोन ग्रंथ अर्धवट सोडले. मूलबाळ झालं नाही. संध्याकाळी चुलीपाशी दोघंच बसायची, आणि मास्तर तिच्याकडे असं बघायचे, की शेजारणींना हेवा वाटावा.

आज मास्तर उंबरा ओलांडतायत तोच पांतासिलेआ टाळ्या पिटत पुढे आली. "ऐकलंत? पोपनं माझा दिवसच गिळला!"

"बघ ना," मास्तर म्हणाले आणि हसले.

ते हसणं त्यांना फार जड गेलं. रोमचा हुकूम माणसांना, आकाशाला नव्हे. नववा दिवस यायचा तेव्हा येणारच होता, फक्त आता त्याला एकोणीस म्हणायचं होतं. येता मंगळवार. पण हे तिला सांगणार कोण? हसू दे बिचारीला, त्यांनी ठरवलं.

पुढचे चार दिवस त्यांनी तिला विहिरीवर जाऊ दिलं नाही, की जिना एकटीनं चढू दिला नाही.

"मी काय अंडं आहे?" ती करवादली.

मंगळवारी सकाळी ती चर्चमध्ये गेली. आईच्या नावानं एक आणि लहानपणी गेलेली धाकटी बहीण मर्सिलिया, तिच्या नावानं एक, अशा दोन मेणबत्त्या तिनं लावल्या. मास्तर दहा पावलं मागे उभे होते. दुपारपासून ती चुलीपाशी चेस्टनट भाजत बसली आणि ते तिचं मनगट धरून बसले.

"हात सोडा, करपतील," ती म्हणाली. त्यांनी सोडला नाही.

सूर्य मावळला की पेरूजाचा दिवस संपतो. घंटा झाली. पांतासिलेआ चेस्टनट सोलत होती.

मास्तर ओक्साबोक्शी रडू लागले. "पांता, नववा दिवस आजच होता गं. मी तुझ्यापासून लपवलं."

"ठाऊक आहे. सव्वीस वर्षं गणित्याच्या घरात काढली, नवात दहा मिळवता येत नाहीत होय मला?"

"मग घाबरली नाहीस?"

तिनं सोललेला चेस्टनट त्यांच्या तोंडात घातला.

मास्तरांनी डोळे पुसले. आता त्यांच्या अंगात वारं शिरलं. पेटी उघडून त्यांनी जुना कागद काढला, दौत ओढली. "माझीच चूक. कुठेतरी अंश हुकलाय. थांब, खरी तारीख आत्ता काढतो."

सबंध दिवसात पहिल्यांदाच पांतासिलेआचा चेहरा उतरला. तिनं त्यांच्या हातून लेखणी काढून घेतली.

"पुन्हा नका मांडू, मास्तर. पाया पडते. तुमचं काही चुकलेलं नाही. बाबांनी मला चार वर्षांनी लहान सांगितलं होतं. चोवीस वर्षांची थोराड नवरी तुमच्या घरच्यांनी पत्करली असती का? त्या पानावरची वेळ माझी नाही, मर्सिलियाची आहे."

मास्तरांनी कागदावरच्या एका ओळीवर बोट ठेवलं.

"पण तिसऱ्या वर्षीचा ताप? तो तर बरोबर निघाला होता. तूच म्हणालीस, आला होता."

"आला होता," पांतासिलेआ म्हणाली. "त्यातच ती गेली."