समोर बघून

नाटक कुठलंही असो, बाईंनी कधी तोंड फिरवून वाक्य म्हटलं नाही. दिग्दर्शक डोकं आपटून घ्यायचा. "अहो बाई, नवरा मागे दाराशी उभा आहे. निरोप त्याला द्यायचाय, प्रेक्षकांना नाही!" बाई हसायच्या आणि प्रयोगात पुन्हा समोर बघूनच बोलायच्या. एवढी नावाजलेली नटी, तिला जास्त बोलणार तरी कोण?

आज मात्र त्या दाराकडे वळल्या आणि प्रेक्षकांकडे पाठ करून अख्खा निरोप बोलल्या. टाळ्या थांबेनात. पडदा पडताच दिग्दर्शकाने हातच जोडले. "बाई, शेवटी ऐकलंत माझं!"

बाई चेहऱ्यावरचा रंग पुसत राहिल्या. "पहिल्या रांगेतल्या आईच्या खुर्चीचं तिकीट आता विकायला सांग," त्या म्हणाल्या. "तिला ऐकू यायचं नाही रे. माझे ओठ वाचायची."