न उतरणारा ताप

चौऱ्याहत्तरचा उन्हाळा. श्रीधरचा ताप काही केल्या उतरेना आणि चारुशीलेचा पाय एका जागी ठरेना. पोटुशी असूनही ती घडीघडी उठून नवऱ्याच्या कपाळाला हात लावून बघायची. रामदासपेठेतल्या डॉक्टरांच्या कॅपसूल वेळेवर चालू होत्या. सासूबाई, यमुताई, मात्र येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत, "सुनेचा पायगुण, दुसरं काय!"

शेवटी डॉक्टरांनीच दोघींना समोर बसवून विचारलं, "कॅपसूलसोबत आणखी काही देता का त्याला? कॅल्शियमच्या गोळ्या, चुन्याची निवळी, लोहाचं टॉनिक? असलं काही पोटात गेलं, की ते या औषधाला तिथंच धरून ठेवतं. लागू पडूच देत नाही."

यमुताई ताडकन सुनेकडे वळल्या. "बोल वं! काय चारलं माह्या पोराले?"

चारुशीलेची मान खाली गेली. बाळासाठी म्हणून मिळालेल्या कॅल्शियमच्या गोळ्या ती स्वतः न घेता चोरून नवऱ्याला देत होती. त्याच्या अंगात ताकद यावी, एवढंच तिच्या मनात होतं.

घरी पोचताच बाटली पदराआड लपवून ती मागच्या मोरीकडे धावली.

मोरीवर यमुताई आधीच वाकलेल्या होत्या. कॅपसूल गरम पडू नये म्हणून लेकाला गुपचूप पाजत आलेल्या चुन्याच्या निवळीचा तांब्या त्या उपडा करत होत्या. सुनेच्या हातातली बाटली दिसली, तशा त्या हळूच बाजूला सरकल्या.

 

"पाहून काय राहिली वं? टाक तुह्यं बी."