न उतरणारा मृदंग

या मायबाप, जरा जवळ सरका. बपेऱ्याच्या मंदिरातल्या एका कीर्तनाची गोष्ट सांगतो.

कीर्तन ऐन रंगात आलं होतं आणि भोजराजचं चित्त काही ठिकाणावर नव्हतं. कान सारखा मृदंगाकडे. चामडं मढवून, वादी ओढून मृदंग बांधण्यात त्याची हयात गेली. आज वाजत होता तो मात्र त्याच्या पोराचा, कमलेशचा मृदंग. वादीच्या जागी नट-बोल्ट, तोंडावर चामड्याच्या जागी फायबरची पुडी. मंडळाचे केशवराव म्हणाले होते, "आज एकदाही थांबला नाही, तं सारे मृदंग असेच करून घेऊ."

श्रावणातली ओल. अशा हवेत चामडं सैल पडून हमखास उतरतं. मग कीर्तन थांबतं आणि भोजराज हातोडीनं ठोकून सूर चढवतो. फायबर काही उतरेना. भोजराज मांडी बदलत राहिला. 'उतर रे बाबा, एकदा तरी!' देवापुढं बसून हे मागायची त्याला लाजही वाटली.

"काहून घाबरून राहिले, बाबा?" वाजवता वाजवता कमलेश हळूच हसला.

"घाबरते कोण? डब्बा वाजून राहिला तुहा, डब्बा!"

एवढ्यात मागून देवकाबाई पुढं सरकली. बोळकं तोंड, चिरका आवाज. माइकवाल्या टाळकऱ्यांत ती कधी गात नसे.

"काहून रे कमलेश, मृदंग नाही उतरला आज? मले कवा गाऊ देता?"

भोजराज चपापला. सूर चढेपर्यंत कीर्तनकार महाराज पाणी पीत, तेव्हा नाम उचलायची ती ही म्हातारी. तिच्यामागून अख्खं मंदिर. इतकी वर्षं स्वतःच्या ठोक्यांत त्याला ते ऐकूच आलं नव्हतं.

कमलेशचा हात थबकला. त्यानं एकवार केशवरावांकडे पाहिलं. मग खिशातून पाना काढून नीट बसलेला बोल्ट उलटा फिरवला. पुडी भदभद बोलू लागली.

"उतरला, महाराज. जरा वेळ लागते."

देवकाबाईनं डोळे मिटले. "विठ्ठल, विठ्ठल..." मंदिर भरून आलं.

"नाही टिकला म्हणायचा," केशवराव पुटपुटले.

"टिकला जी," भोजराज म्हणाला. "पोरानं मुद्दाम ढिला केला." आणि पोराच्या हातातला पाना काढून घेऊन त्यानं तो आपल्या मांडीखाली दडवला. "राहू दे. म्हातारीचं होऊ दे पोटभर."

तवा मायबाप, तुमच्या गावी कीर्तनात मृदंग थांबला, तर चुळबुळ करू नका. आमच्या देवकाबाईची याद ठेवा.