माझ्या नावावरचं पुस्तक

शोकसभेत आईच्या फोटोसमोर एक अनोळखी स्त्री माझ्यापेक्षा जास्त रडत होती. मला ते मुळीच आवडलं नाही.

आई शाळेत शिकवायची आणि तिथलं ग्रंथालयही सांभाळायची. कार्डाशिवाय कुणालाही पुस्तक नाही; पानाचा कोपरा दुमडला तर ओणवं उभं राहायचं. मे महिन्यात मला मावशीकडे टाकून ती एकटीच फिरायला जायची. निघताना माझ्या कार्डावर नकाशांचं जाड पुस्तक काढायची. स्पितीत, कच्छमध्ये माझ्या नावावरचं पुस्तक तिच्यासोबत आहे, एवढ्यावर मी सुट्टीचे दिवस काढायचे.

सभा संपल्यावर ती स्त्री जवळ आली. तिने पिशवीतून तेच पुस्तक काढलं.

"मी दुसऱ्या शाळेतली, मला कार्ड नव्हतं. दर सुट्टीत बाई हे मला वाचायला देऊन जायच्या. शेवटच्या वर्षी आमचं गाव सुटलं, परत करायचं राहूनच गेलं."

शेवटच्या पानावर चार वर्षांच्या मे महिन्यातल्या तारखा होत्या. प्रत्येक तारखेपुढे माझं नाव, आईच्या अक्षरात.

"पुस्तक तुम्हीच ठेवा," मी म्हणाले, आणि आईच्या फोटोसमोरच ते पान टरकन फाडून घेतलं.