गोठ्याची तुळई

नवं फायरप्लेस बसवणारा मिस्त्री जाताना बजावून गेला होता, की तोंडाच्या वर हातभर तरी लाकूड नको, तिथे दगडच लावा. मी हॅलिफॅक्सहून परतले तर माझ्या नवऱ्याने, युअनने, भिंत दगडाने मढवली होती, आणि फायरप्लेसच्या तोंडाला अगदी चिकटून सासऱ्यांच्या जुन्या गोठ्याची तुळई ठोकली होती.

"वर घे ती," मी म्हणाले.

"आणि पोरांनी नाताळचे मोजे काय शिडी लावून टांगायचे?"

"पेटलेल्या मोज्यांत खाऊ कोण भरणार? तू?"

"शंभर वर्षांचं लाकूड आहे, त्याला काय होतंय. उगाच डोकं खाऊ नकोस."

माझं डोकं फिरलं. पहार घेतली आणि तुळई उचकटायला लागले. आवाज ऐकून सासरे आत आले.

"बाबा, बघा ही काय करतेय," युअन म्हणाला. "तुमच्या गोठ्याची आठवण म्हणून लावली होती मी."

मला वाटलं, आता दोघांशी भांडावं लागणार.

सासऱ्यांनी सुटलेलं टोक धरून तुळई खाली ओढली आणि उलटी केली. भिंतीकडची बाजू जळून कोळसा झाली होती.

"ही बाजू आत का केलीस?"

"चारचौघांत बरी दिसत नाही, बाबा."

"गोठा जळला तेव्हा एवढीच उरली," ते मला म्हणाले. मग युअनकडे वळले.

"ही सांगेल तितकी उंच लाव. आणि जळकी बाजू खोलीकडे ठेव. पोरांचे मोजे टांगताना दिसू दे तुला."