एकाचाच माल

"यांची दाढीची ब्लेडं कुठायत?" दुकानानं आपणहून भरून ठेवलेली महिन्याच्या सामानाची पिशवी शैलजा मोहित्यांनी काउंटरवर उलटी केली. "तांदूळ निम्मे, चहा निम्मा. दुकान चालवता का भीक वाढता?"

मॅनेजर वाघचौरे शिकवलेलं हसू हसला. "काकू, सिस्टिमनं या महिन्यापासून तुमच्या घरी एकाचाच माल धरलाय."

"एकाचा? आम्ही दोघं आहोत."

"आज आहात." बोलताना त्याला लाजसुद्धा वाटली नाही. "काका दर आठवड्याला ॲसिडिटीच्या गोळ्या नेतात. जरा चालले की ट्रॉलीला धरून थांबतात. हे हृदयाचं लक्षण. सिस्टिम सहसा चुकत नाही."

"कधीपासून माहितीय हे?"

"झाले की दोनेक महिने."

"मग तोंड शिवलं होतं का तुझं, मेल्या?"

"गिऱ्हाइकाची तब्येत आमच्याकडं येत नाही, काकू. माल पडून राहू नये, एवढंच आम्ही बघतो."

सामान तिथंच टाकून त्या बाहेर धावल्या. स्कूटरवर वाट बघत बसलेल्या नवऱ्याला त्यांनी दंडाला धरून रिक्षात कोंबलं आणि ओरडून दवाखान्याचं नाव सांगितलं.

वाघचौरे काचेतून बघत होता. त्याचा चेहरा खरोखर उतरला. नोकरीला लागल्यापासून पहिल्यांदाच तो गिऱ्हाइकाच्या काळजीत पडलेला दिसत होता.

"म्हातारा वाचला," तो कॅशियर मुलीला म्हणाला, "तर या महिन्याचा आपला अंदाज चुकलाच म्हणून समज."