हलकं जॅकेट

लक्षद्वीपच्या छोट्या विमानात दहा किलोच्या वर सामान चालत नाही, हे कळलं आणि जगनच्या डोक्यात वजनाचं भूत शिरलं. समुद्रात डुबकी मारताना घालायचं, हवा भरली की तरंगवणारं जॅकेट त्याला घ्यायचं होतं. पनवेलच्या रद्दीवाल्याकडून हुकाचा काटा मागून तो मुंबईच्या दुकानात गेला, एकेक जॅकेट हुकाला टांगून बघितलं आणि दुकानदाराने हात टेकल्यावर कुठे सगळ्यात हलकं उचललं. नेहमीच्यापेक्षा चांगलं दीड किलो कमी! घरी बॅग भरून तोलली, बरोबर दहा किलो.

विमानतळावर तीच बॅग दीड किलो जास्त भरली.

"काटा बिघडलाय तुमचा," म्हणून जगनने हुज्जत घातली, पण तिथे कोण ऐकतंय! शेवटी बॅगेत वरच ठेवलेलं जॅकेट त्याने अंगात चढवलं आणि घामाघूम होत विमानात बसला. त्याला तसा बघून शेजारचे गृहस्थ आपल्या सीटखाली तसलंच जॅकेट शोधायला लागले.

बेटावर उतरला तर जिकडे नजर जाईल तिकडे माडच माड. एका माडाखाली बसून त्याने बॅग उपसली. तळाशी टॉवेलात गुंडाळलेले दोन भलेमोठे नारळ! तडक बूथ गाठून त्याने घरी फोन लावला.

 

"अरं, दर्यात उतरायच्या आदी नारळ द्यायचा असतो," आई म्हणाली. "त्या बेटावर गावतो का नाय, कोन जाने, म्हनून मीच घातले!"